घरच फडावर गेलं, तर बाळाला तपासायला कोण येणार?

आज बोलूया गडचिरोलीतल्या एका संशोधनाबद्दल, आणि ते आपल्या बीडमध्ये येऊन नेमकं कुठं अडतं त्याबद्दल.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं 1993 पासून गडचिरोलीतल्या 39 गावांत एक प्रयोग केला. आधी जन्म आणि मृत्यू नीट मोजले. हजार बाळं जन्मली की त्यातली 62 पहिल्या महिन्यातच दगावत होती. दवाखाना लांब, आणि बाळंतीण घराबाहेर पडत नाही. मग दवाखानाच घरात न्यायचा, असं ठरलं.

पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाचं वजन करायचं, त्याला उबेत ठेवायचं, अंगावर कसं पाजायचं ते आईला दाखवायचं, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शनसुद्धा द्यायचं. गावच्या बाईनं इंजेक्शन द्यायचं म्हटल्यावर आजही भुवया उंचावतात, पण तिच्या कामावर देखरेख होती आणि नोंदी चोख होत्या. तिसऱ्या वर्षी या गावांत मृत्यू हजारी 25 वर आले. शेजारच्या, प्रयोग नसलेल्या गावांत ते साधारण 60 वरच होते. हे 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

न्यूमोनियासाठी तर त्यांनी मण्यांची पाटी केली होती, मला ती फार आवडते. ज्या दाईला साठपर्यंत मोजता येत नाही तिच्यासाठी! एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर श्वास फार जलद चाललाय.

पुढं बांगलादेशातल्या सिल्हेटमध्येही घरभेटींनी मृत्यू कमी झाल्याचं दिसलं. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं घरभेटींची शिफारस केली, आणि 2011 पासून भारतभर हे काम आशाताईंकडे आलं. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी भेट. तुमच्या घरी आशाताई बाळाचं वजन करायला आल्या असतील, तर त्यामागं गडचिरोली आहे.

आता बीड. या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलीय, की घर जागेवर असतं. आपल्याकडं दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार इथल्या वाड्या-तांडे रिकामे होतात. लोक ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, ते थेट पाडव्याच्या सुमारास परत. डिसेंबरात बाळ झालं, तर पहिले 42 दिवस कोपीत जातात. थंडी तेव्हाच कडाक्याची, आणि नवजात बाळाला थंडी तर फार लवकर लागते.

आई घरी राहील म्हणाल, तर कोयता म्हणजे जोडी. तिचा खाडा झाला की मुकादमाच्या हिशोबात कापला जातो, आणि उचल तर आधीच खर्च झालेली असते. त्यामुळं पहाटे बाळ झोळीत आणि आई फडात. गावाकडच्या आशाताईच्या वहीत तिचं नाव असतं, पण ती तिथं नसते. कारखान्याकडच्या आशाताईच्या यादीतून ते नाव सुटू शकतं. दोघींपैकी कुणाचीच चूक नाही.

मला विचाराल तर गडचिरोलीतली खरी युक्ती म्हणजे आईजवळच राहणारी, शिकवलेली बाई. आपल्याकडं ती टोळीतलीच हवी. शिवाय टोळी निघण्याआधी गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांची यादी कारखान्याकडच्या आरोग्य केंद्राला फोनवरून गेली पाहिजे. त्याला नवं मशीन लागत नाही, कुणीतरी ती जबाबदारी अंगावर घ्यावी लागते.

तुमच्या घरचं कुणी तोडीला जात असेल, तर माता-बाल संरक्षण कार्डाचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये ठेवा. लस कुठल्याही सरकारी केंद्रात फुकट मिळते. आणि बाळ दूध ओढेना, अंग गार पडलं, रडणं क्षीण झालं, छाती आत ओढली जातेय किंवा मिनिटाला 60 च्या वर श्वास चाललाय, तर ट्रॉली भरायची वाट बघू नका. 108 ला फोन लावा.