शिदोरी आणि सहप्रवासी

रेल्वेच्या डब्यात शिदोरी सोडली की शेजाऱ्यालाही आग्रह करावा, ही आपल्याकडची जुनी रीत. गुंगीचे औषध देऊन लुटणारा याच रीतीचा आधार घेतो. एकोणिसाव्या शतकातील ठगही वाटसरूंशी आधी स्नेहच जोडीत. आजचा भामटा प्रथम गावाची, मुलाबाळांची विचारपूस करतो. स्वतः एक बिस्किट खातो आणि मगच पुडा पुढे करतो. औषध मात्र पुढच्या बिस्किटांत किंवा चहात मिसळलेले असते. बहुधा ते झोपेच्या गोळ्यांचे चूर्ण असते. सामान जाते, हे नुकसान लहानच म्हणायचे. मात्रा अधिक झाल्यास श्वास मंदावतो आणि वृद्धांच्या तर जिवावर बेतते. बेशुद्ध पडलेला माणूस गाढ झोपला आहे, असेच इतर प्रवासी समजतात!

‘आज उपवास आहे’ एवढे सांगूनही नकार देता येतो. त्यात उद्धटपणा नाही. कोणी हलवूनही जागे होत नसेल, तर १३९ या क्रमांकावर कळवावे. सुरक्षेसाठीचा १८२ हा जुना क्रमांक २०२१ मध्ये त्यातच विलीन झाला. तक्रारीसाठी मधल्या स्थानकावर उतरण्याची गरज नसते. धावत्या गाडीत तिकीट तपासनिसाकडेही तक्रारीचा नमुना मिळतो.