सुपरमॅनचा बाप शेतकरी होता

सुपरमॅन हे नाव आता वाडीवस्तीवरच्या पोरांनाही ठाऊक आहे. निळा अंगरखा, पाठीवर तांबडे उपरणे आणि छातीवर 'एस' हे इंग्रजी अक्षर. बाजारात मिळणाऱ्या बनियनवर आणि शाळेच्या दप्तरावर त्याचे चित्र असते. पण आभाळात उडणारा हा गडी लहानाचा मोठा झाला तो गहू पिकवणाऱ्या एका साध्या शेतकऱ्याच्या घरी, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असते. माझ्या तरी ती चाळीस वर्षे ध्यानात नव्हती.

'सुपरमॅन' हा चित्रपट १९७८ सालच्या डिसेंबरात अमेरिकेत झळकला. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर आणि सुपरमॅनच्या कामात ख्रिस्तोफर रीव्ह हा तेव्हा फारसा कुणाला माहीत नसलेला तरुण नट. आमच्या जिल्ह्याच्या गावी इंग्रजी चित्रपट सकाळच्या खेळाला लागत. मी पाचवी-सहावीत होतो. कांदा आडतीवर घालून पट्टी हाती पडली, की वडील कधीमधी आम्हा भावंडांना चित्रपट दाखवत. त्यात हा पाहिला. इंग्रजी आमच्यापैकी कुणालाच येत नव्हते. त्यामुळे जे डोळ्यांना दिसले तेवढेच कळले. माणूस उडतो, कोसळणारे विमान हातावर तोलतो, फुटलेल्या धरणाचे पाणी अडवतो. मधे शेतातला वीसेक मिनिटांचा भाग आला, तेव्हा निम्मे थिएटर बिडी ओढायला बाहेर गेले होते.

गेल्या दिवाळीत पुतण्याची मुले सुट्टीला आली आणि त्यांच्या हट्टापायी तोच चित्रपट घरी पुन्हा पाहिला. आता संवाद समजतात, पडद्याच्या खाली अक्षरेही येतात. आणि वाचकहो, लहानपणी ज्या भागात आम्ही जांभया दिल्या, तोच भाग या वेळी मनात घर करून बसला.

शेतात सापडलेले मूल

शेतात मूल सापडणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. जनक राजाला नांगराच्या तासात सीता सापडली. देवकीचा कृष्ण वाढला तो नंद-यशोदेच्या गोठ्यात. इथे क्रिप्टॉन नावाचा दूरचा ग्रह नष्ट होतो आहे. तिथला जॉर-एल हा शास्त्रज्ञ आपले तान्हे मूल यानात घालून पृथ्वीकडे धाडून देतो. ते यान अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, स्मॉलव्हिल नावाच्या खेड्याजवळच्या रानात येऊन आदळते.

जोनाथन आणि मार्था केंट हे मूलबाळ नसलेले, वयाने उतरलेले जोडपे त्याच रस्त्याने चालले आहे. त्यांच्या गाडीचे चाक पंक्चर होते. जोनाथन गाडीखाली वाकलेला असताना जॅक निसटतो, आणि ते लहानगे पोर गाडी उचलून धरते! ती दोघे त्याला घरी नेतात आणि क्लार्क असे नाव ठेवून पोटच्या पोरासारखे वाढवतात.

कॅन्सस हे राज्य गव्हासाठी नावाजलेले. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी, थंडीत पीक बर्फाखाली दबून राहते आणि जून-जुलैत काढणी. १९३० च्या दशकात अवर्षण आणि बेसुमार नांगरट यांमुळे त्या बाजूची माती वावटळींनी उडून गेली होती. अनेक कुटुंबे घरदार सोडून निघून गेली. अशा मुलखात टिकून राहिलेला शेतकरी म्हणजे जोनाथन केंट, हे लक्षात घेतले की त्याच्या शब्दांना वजन येते. पडद्यावर दिसणारे शेत मात्र खरे कॅन्ससचे नाही. तो भाग कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात चित्रित झाला. तोही गव्हाचाच मुलूख आहे.

तीन बाप

या चित्रपटात तीन बाप आहेत. पहिला जॉर-एल. ते काम मार्लन ब्रँडो यांनी केले आणि नामावळीत त्यांचे नाव सर्वांत वर आहे. ज्याच्या नावाचा चित्रपट, त्या रीव्हचे नाव तिसरे! जॉर-एल मुलाला जन्म देतो आणि जगाचे सारे ज्ञान शिदोरी म्हणून बरोबर देतो.

दुसरा जोनाथन केंट. ग्लेन फोर्ड या जुन्या, जाणत्या नटाच्या वाट्याला यात काही मिनिटेच आली आहेत. क्लार्क आता अठरा वर्षांचा झाला आहे. अंगात एवढे बळ, पण लोकांपुढे दाखवायची बंदी. शाळेतली पोरे त्याला चिडवतात, फुटबॉलच्या संघात तो नुसता सामान सांभाळतो. मग एक दिवस रागाच्या भरात तो आगगाडीबरोबर धावतो. घराजवळ बाप गाठतो आणि हळूच विचारतो, आज जरा मिरवलेस ना? पोरगा उलट विचारतो, की पाखरू उडते तेव्हा ते मिरवते का?

बाप चिडत नाही. तो सांगतो, की तू आलास तेव्हा आम्हांला भीती होती, लोकांना कळले तर तुला घेऊन जातील. पुढे वय वाढले तसे विचार बदलले. तू कुठून आलास हे मला माहीत नाही, पण तू इथे काही कारणाने आला आहेस एवढे मला पक्के ठाऊक आहे, आणि ते कारण खेळात गुण मिळवणे हे नक्की नाही. एवढेच बोलून तो पोराच्या खांद्यावर हात ठेवतो. वयात आलेल्या पोराशी कसे बोलावे, याचा हा धडाच म्हणायचा.

तिसरा बाप पडद्यावर दिसत नाही, त्याचे नुसते बोल ऐकू येतात. तो खलनायक लेक्स लूथरचा. लूथर अभिमानाने सांगतो, की बापाने मला लहानपणीच शिकवले: शेअर चढतील, पडतील, माणसे कवडीमोलाची असतात, पण जमीन सगळ्यांना लागते आणि तिच्यासाठी लोक वाटेल तो पैसा मोजतात. मग तो करतो काय, तर कॅलिफोर्नियातली वाळवंटी जमीन मातीमोलाने घेऊन ठेवतो. भूकंप घडवून किनारपट्टी समुद्रात बुडवायची, म्हणजे आपली पडीक जमीन समुद्रकाठची होईल आणि सोन्याच्या भावाने विकली जाईल, असा त्याचा डाव. लहानपणी हा कारस्थानाचा भाग आम्हांला कळलाच नव्हता. आता रस्त्याची आखणी जाहीर होण्याआधी माळरानाचे सौदे करत फिरणारे लोक पाहिले आहेत, त्यामुळे लूथर चटकन ओळखू आला. जमिनीची किंमत शेतकऱ्यालाही कळते आणि लूथरलाही कळते. फरक एवढाच, की लूथरच्या हिशेबात माणसे नाहीत.

सगळे बळ असून

बापलेकांचे ते बोलणे संपते. आता खळ्याकडे पळत जाऊ, बघू कोण पुढे, म्हणून पोरगा धावतो. जोनाथन चार पावले टाकतो, डावा हात धरतो आणि अंगणातच कोसळतो. पुढच्या दृश्यात स्मशानभूमी. क्लार्क आईला म्हणतो, की माझ्यात एवढ्या साऱ्या शक्ती आहेत, तरी मी त्यांना वाचवू शकलो नाही.

इथे मला चित्रपट थांबवून पाणी प्यावे लागले. माझे वडील १९९६ साली, कांदा काढणीच्या दिवसांत असेच गेले. सकाळपासून छातीत जळजळते, पित्त झाले असेल, म्हणत होते. बांधावर बसले ते उठलेच नाहीत. विस्ताराच्या कामात तीस वर्षे गावोगाव फिरताना अशा किती घरी जाऊन बसलो त्याची गणती नाही. कुणी रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरायला गेलेला, कुणी उसाच्या फडात. शब्द तेच: पित्त, गॅस, दगदग.

ज्या मुलाने सुपरमॅनची कल्पना काढली, त्याच्याही घरी हेच घडले होते. क्लीव्हलँड शहरातला जेरी सीगल आणि त्याचा चित्रकार मित्र जो शुस्टर, दोघेही परदेशातून पोट भरायला आलेल्या ज्यू कुटुंबांतले. जेरीच्या वडिलांचे जुन्या कपड्यांचे दुकान होते. १९३२ साली दुकानात चोर शिरले, त्या झटापटीत वडील कोसळले आणि गेले. पुढे १९३८ साली या दोन तरुणांचा सुपरमॅन चित्रकथेच्या मासिकात अवतरला. सर्व हक्क त्यांनी प्रकाशकाला १३० डॉलरला लिहून दिले होते. उभे पीक गरजेपोटी व्यापाऱ्याला देऊन टाकावे तसे झाले. मालाने जग जिंकले आणि पिकवणारे कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. अखेर १९७५ साली, चित्रपट येऊ घातला असताना, त्यांना वर्षाला वीस-वीस हजार डॉलरचे निवृत्तिवेतन आणि निर्माते म्हणून नावाचा मान मिळाला.

निम्मा पगार आईला

क्लार्क शेत सोडून निघतो तो प्रसंग घरातल्या सर्वांनी बघावा. गव्हाच्या उभ्या पिकात तो पहाटेपासून उभा आहे. आई घरातून चालत त्याच्याकडे येते. तो सांगतो, मला जावे लागेल. पण जाण्याआधी गावातल्या एकाशी बोलून ठेवले आहे, तो शेतावर मदतीला येत जाईल. आईला हे सारे आधीच उमगलेले असते. ती अडवत नाही.

पुढे तो महानगरात वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरीला लागतो, तेव्हा संपादकाला सांगतो, माझा निम्मा पगार दर आठवड्याला परस्पर पाठवून द्या. कचेरीतली लोइस थट्टा करते, म्हाताऱ्या आईला पाठवतोस की काय? तर खरेच ते पैसे आईसाठी असतात. विमान हातावर तोलण्यापेक्षा मला हे मोठे वाटले. मुंबईच्या गिरणीतून आणि बंदरातून गावाकडे येणाऱ्या मनीऑर्डरींवर आपल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या आहेत.

काळ उलटा फिरत नाही

शेवटी लूथरचा डाव सुरू होतो. दोन क्षेपणास्त्रे सुटतात, भूकंप होतो, कोलोरॅडो नदीवरचे हूवर धरण फुटते आणि सुपरमॅन कडे ढासळून पाणी अडवतो. थिएटरात हे दृश्य आले तेव्हा वडील नुसते "पानशेत" एवढेच म्हणाले होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा ते पुण्याजवळ होते. खरे हूवर धरण २२१ मीटर उंच असून आजही शाबूत आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातली मोठी बागायत त्यात साठवलेल्या पाण्यावर होते. शास्त्राने पाहिले तर लूथरचे गणितही चुकीचे. तिथल्या सॅन अँड्रियास भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकतात, त्यामुळे भूकंप होतात, पण किनारा समुद्रात पडत नाही.

या गोंधळात सुपरमॅनची मैत्रीण लोइस भेगेत गाडली जाते. मानवाच्या इतिहासात ढवळाढवळ करायची नाही, ही जॉर-एलची आज्ञा त्याच्या कानांत घुमते. पण पाठोपाठ शेतकरी बापाचा आवाज येतो, की तू काही कारणाने इथे आला आहेस. तो शेतकऱ्याचे ऐकतो, पृथ्वीभोवती भिंगरीसारखा फिरून तिला उलटी फिरवतो, काळ मागे जातो आणि लोइस वाचते.

पुतण्याची मुलगी सहावीत आहे. तिने लगेच विचारले, "आजोबा, मग त्याने बाबांसाठी का नाही पृथ्वी फिरवली?"

मी म्हटले, "बाळ, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्याला ते अजून येत नव्हते. आणि खरे सांगायचे तर ते कुणालाच येत नाही." हुकलेला वापसा परत येत नाही, हे शेतकऱ्याच्या पोरीला वेगळे समजावावे लागत नाही. तिला ते पटले.

ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडले, मानेला मार बसला आणि मानेखालचे शरीर लुळे झाले. पडद्यावर उडणारा माणूस चाकाच्या खुर्चीत बसून, कण्याच्या दुखापतींवर संशोधन व्हावे म्हणून झटत राहिला. २००४ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी ते वारले.

सुपरमॅनला जे जमले नाही, त्यातले थोडे मात्र आपल्याला जमण्यासारखे आहे. छातीवर दडपण, डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत कळ, दरदरून घाम, धाप, मळमळ यांपैकी काही एकाएकी झाले तर पित्त समजून अंगावर काढू नये. बायकांमध्ये आणि मधुमेह असणाऱ्यांत छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. माणसाला चालवू नये, जागीच बसवावे आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. आपल्या राज्यात ही सोय २०१४ पासून आहे. माणूस बेशुद्ध पडला आणि नीट श्वास घेत नसेल, तर गाडी येईपर्यंत छातीच्या मध्यावर दोन्ही तळहातांनी जोराने व भरभर, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावे. हे कुठे शिकवतात ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. घरातल्या थोरल्या पोरापोरींनी ते शिकून घ्यावे.

सुट्टीत मुले घरी आली, की हा चित्रपट त्यांच्याबरोबर बसून जरूर पाहा. शेताचा भाग आला की मात्र चहाला उठू नका.