उलट्या पावली येणारे पाणी

नळाचे पाणी बाहेर येते, आत जात नाही, असे मीही परवापरवापर्यंत मानीत होते. विषय खरे तर शास्त्र शाखेचा. पण पाणी कलाशाखेचे विद्यार्थीही पितात, म्हणून हे धाडस करीत आहे.

अमेरिकेत फिरते घर म्हणावे अशा मोटारी असतात. त्यांत चूल, न्हाणी, संडास सारे असते. पिण्याच्या पाण्याची एक टाकी आणि सांडपाण्याच्या निराळ्या टाक्या. प्रवासी मुक्कामाच्या तळावर सांडपाणी गटारात सोडतात, मैल्याची टाकी नळीने विसळतात आणि पुढच्या प्रवासासाठी पिण्याचे पाणी भरून घेतात. धोका येथेच आहे. विसळण्याची नळी टाकीत बुडालेली असताना मुख्य वाहिनी फुटली, किंवा जवळच्या आगीसाठी बंबांनी एकदम पुष्कळ पाणी घेतले, तर वाहिनीतला दाब उतरतो. मग टाकीवरील हवेचा दाब घाण पाणी नळीत उलटे ढकलतो. ट्रॅक्टरचे डिझेल नळीने ओढून काढतात, त्यातलाच हा प्रकार.

ही नुसती भीती नव्हे. १९६९ साली अमेरिकेतील वुस्टर शहरी होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघात काविळीची साथ आली. सरावाच्या मैदानाजवळ काविळीची लागण झालेली मुले खेळत. मैदानाला पाणी देणारे नळ जमिनीतल्या खड्ड्यांत होते. शहरात आग लागली, बंबांनी पाणी घेतले, दाब उतरला आणि खड्ड्यांतले दूषित पाणी वाहिनीत शिरले. तेच पाणी खेळाडू प्याले. खेळाडू व प्रशिक्षक मिळून ९७ जणांपैकी ९० जणांना लागण झाली. दोन सामन्यांनंतर त्या वर्षीचा खेळच थांबवावा लागला.

उपाय मात्र सोपे आहेत. पहिला, मोकळी हवा: नळाचे तोंड आणि पाण्याची पातळी यांत नळाच्या व्यासाच्या दुप्पट, निदान एक इंच, अंतर हवे. दुसरा, नळाला बसवायची निर्वात-रोधक झडप. दाब उतरताच ती हवा आत घेते आणि ओढ तुटते. तिसरा, पिण्याची नळी आणि विसळण्याची नळी कायम वेगळी ठेवणे.

हे वाचताना मला आमचे अंगण दिसू लागले. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी नळ येतो. म्हशीच्या डोणीत नळी सोडून मी एस.टी.साठी पळते. पाणी गेले की नळी गुरगुर करीत डोणीतले पाणी परत ओढते. "नळ श्वास घेतोय," असे आजी म्हणायची. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, म्हणून जे समजले ते आईला सांगितले. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "मग इतकी वर्सं खालच्या आळीला आपण म्हशीचं उष्टं पाजलं व्हय गं?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याच संध्याकाळी डोणीशेजारी खुंट रोवला आणि नळीचे तोंड पाण्यापासून वीतभर वर बांधले. खर्च काहीच आला नाही. आपणही आज घरी गेल्यावर आपली नळी कोठे बुडाली आहे ते एकदा पाहावे, एवढीच विनंती.

(द्वितीय वर्ष, कला)