चाळीस वर्षांचा कागद, पाच वर्षांचं यंत्र

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगांना एक आदेश दिला. प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षं, किंवा त्याने नोकरी सोडल्यापासून १५ वर्षं, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जपायची. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. त्या साली विसाव्या वर्षी कामाला लागलेला पोरगा अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे २०३३ मध्ये निवृत्त होणार. त्याची फाइल २०४८ पर्यंत शाबूत हवी. तेव्हा एखाद्या हौशी अधिकाऱ्याने ती फ्लॉपीवर उतरवून कागद रद्दीत घातले असते, तर आज ती फ्लॉपी वाचणारं यंत्र शोधत फिरावं लागलं असतं.

ॲस्बेस्टॉस म्हणजे छपराचे पत्रे एवढंच नव्हे. ब्रेक लायनिंग आणि क्लचमध्येही ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं, त्यामुळे वाहनांवर पोसलेल्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्याला तो आदेश परका नाही. शिवाय या पट्ट्यातले बरेच आजार सावकाश येतात. फाउंड्रीतल्या वाळूची धूळ फुप्फुसात आपलं काम वीस-वीस वर्षं करत राहते. प्रेस शॉपमधल्या आवाजाने कान एका दिवसात जात नाहीत. आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा असते, ती ओलांडत राहिली की थोडे थोडे जातात. भरतीच्या वेळचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, आणि आजचा ऑडिओग्राम शेजारी शेजारी ठेवता आले, तरच कान कामामुळे गेले की वयामुळे, यावर काही बोलता येतं. पहिला कागद नसेल तर दुसऱ्याची किंमत निम्मी होते.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात ४१-सी हे कलम आलं आणि धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्यांच्या वैद्यकीय नोंदी ठेवणं, त्या कामगाराला पाहू देणं ही मालकाची जबाबदारी ठरली. दवाखाने आणि नर्सिंग होमचे नियम वेगळे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचे आणि रुग्णाने मागितले तर ७२ तासांत द्यायचे. नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून त्या संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, असंही त्यातच लिहिलं आहे. रुग्णाला त्याच्या कागदांची प्रत मिळालीच पाहिजे हे मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा प्रकरणात १९९६ सालीच सांगितलं होतं. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालचे कागद दोन वर्षं, गर्भपाताचं रजिस्टर पाच वर्षं. म्हणजे एकाच कपाटात वेगवेगळ्या आयुष्याचे कागद शेजारी शेजारी बसलेले असतात, आणि ७२ तासांचं घड्याळ सुरू झालं की माळ्यावरचा नेमका गठ्ठा सापडत नाही.

मग डॉक्टर ठरवतात, स्कॅनर घ्यायचा. आणि पहिला प्रश्न विचारतात तो असा: मिनिटाला किती पानं?

प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा मान शेवटचा. भोसरी किंवा चिंचवडमधलं वीस खाटांचं नर्सिंग होम कल्पून बघू. रोज सरासरी चार रुग्ण दाखल होतात असं धरलं तर वर्षाला साधारण १४०० फायली, दहा वर्षांत १४,०००. एका फायलीत २५ कागद धरले तर साडेतीन लाख कागद. मिनिटाला ४० कागद ओढणारा स्कॅनर हे सगळं सुमारे १४६ तासांत, म्हणजे आठ तासांच्या अठरा दिवसांत संपवेल. आता दुसरी बाजू. त्या प्रत्येक फायलीची लेस सोडायची, पिना आणि टाचण्या काढायच्या, दुमडलेले कोपरे उलगडायचे, फाटलेल्याला पट्टी लावायची, उलटसुलट लागलेली पानं तारखेने लावायची. हाताला सवय झाली तरी फायलीमागे सहा मिनिटं जातात. १४,००० फायलींचे झाले १४०० तास, म्हणजे पावणेदोनशे दिवस. दुप्पट वेगाचा, दुप्पट किमतीचा स्कॅनर आणून वाचणार ते नऊ दिवस. तेवढ्या पैशांत पिना काढायला आणखी एक माणूस ठेवला तर तीन महिने वाचतील. पण बजेटच्या कागदावर यंत्राचा रकाना असतो, पिना काढणाऱ्या माणसाचा सहसा नसतो.

यंत्र कोणतं घ्यायचं हे कागदच सांगतात. काच असलेला फ्लॅटबेड स्कॅनर एकेका पानासाठी ठीक. पण लाखभर पानं त्यावर झाकण उघडमिट करत करायची म्हणजे शिक्षाच. गठ्ठा ठेवला की एकेक कागद ओढणारा, दोन्ही बाजू एकदम टिपणारा शीट-फेड स्कॅनर या कामाचा घोडा. त्यात एक गोष्ट मात्र आवर्जून बघावी: दोन कागद चिकटून एकदम आत गेले तर अल्ट्रासाउंडने ते ओळखून थांबणारी सोय. ती नसेल तर एखाद्या फायलीतलं एक पान हरवतं आणि ते हरवलंय हे कोणालाही कळत नाही, कारण कागद तोवर रद्दीत गेलेला असतो. ही सोय असली की दुसरी गंमत होते. केसपेपरवर गोंदाने चिकटवलेली ईसीजीची पट्टी किंवा लॅबचा छोटा रिपोर्ट आला की यंत्राला तेही दोन कागदच वाटतात आणि ते दर दुसऱ्या मिनिटाला थांबतं. चांगल्या यंत्रात पानाच्या ठरावीक भागापुरती ती तपासणी बंद ठेवता येते. विकणारा हे आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. फाटके, चिकटवलेले, कार्बन कॉपीचे पातळ कागद बरेच असतील तर शीट-फेडच्या जोडीला एक साधा फ्लॅटबेड हवाच.

स्कॅनरचं पोट उघडून पाहिलं की आत दोन अरुंद काचा दिसतात. कागद त्यांच्यावरून सरकत जातो, काच जागची हलत नाही. त्यामुळे काचेवर गोंदाचा मोहरीएवढाही ठिपका बसला, की त्यापुढच्या प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ उमटते. रेघ औषधाच्या डोसच्या आकड्यावरून गेली तर तो भलताच वाचला जायला वेळ लागत नाही. चुकून राहिलेली पिन तर काच कायमची ओरखडते. चाकण, महाळुंगे, खराबवाडीच्या बाजूला अवजड ट्रकांची वर्दळ आणि धूळ लक्षात घेता दिवसातून दोनदा मऊ कापडाने काच पुसणं हा कामाचाच भाग धरावा. कागद ओढणारे रबरी रोलरही झिजतात आणि ठरावीक पानांनंतर बदलावे लागतात. म्हणून खरेदीपूर्वी विचारायचा प्रश्न: या मॉडेलचे रोलर पुण्यात कोणाकडे मिळतात आणि दुरुस्तीचा माणूस किती दिवसांत येतो? फुजित्सूचे नावाजलेले स्कॅनर बनवणारी पीएफयू ही कंपनी २०२२ मध्ये रिकोच्या ताब्यात गेली आणि पुढच्या वर्षी यंत्रांवरचं नावही बदललं. जुना फुजित्सू स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्याने त्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालतो का, हे आधी चालवून पाहावं.

रंग वाचवू नये. फाइल लहान व्हावी म्हणून पुष्कळ जण काळं-पांढरं स्कॅन करतात आणि तिथेच फसतात. ऑडिओग्रामवर उजवा कान लाल रेषेत, डावा निळ्या रेषेत काढण्याचा प्रघात आहे. नर्सिंग चार्टवर रात्रपाळीच्या नोंदी लाल शाईत, ॲलर्जीची सूचना लाल शाईत, जांभळा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेला रक्तदाब. काळ्या-पांढऱ्यात यातलं काही एकसारखं काळं होतं, काही चक्क पुसलं जातं. ए-फोर पान ३०० डीपीआयला रंगीत घेतलं तर कच्च्या रूपात २६ एमबी भरतं; पण नीट दाबून पीडीएफ केल्यावर बहुतेक पानं अर्ध्या एमबीच्या आत येतात. वरच्या नर्सिंग होमची कोरी पानं वगळून पाच लाख पानं उरली, तर सगळा दहा वर्षांचा संसार एका टीबीच्या चौथ्या हिश्श्यात मावतो. इतक्या स्वस्त जागेसाठी लाल शाई गमावण्यात अर्थ नाही. फाइल साठवायची ती पीडीएफ-ए या प्रकारात. दीर्घकाळ जतनासाठीच तो २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून ठरला, आणि पान उघडायला लागणारे फॉन्ट वगैरे त्यात फायलीसोबतच राहतात.

दोन कागद मात्र या रांगेतले नाहीत. ईसीजीचा थर्मल कागद उन्हाने, उष्णतेने आणि काही प्लॅस्टिकच्या पाकिटांत ठेवल्यानेही फिका होत जातो, तेव्हा तो सगळ्यात आधी स्कॅन करावा, फायलीची पाळी येण्याची वाट न बघता. आणि एक्स-रेची फिल्म. १४ बाय १७ इंचांची ती काळी फिल्म साध्या स्कॅनरवर बसतही नाही आणि बसवली तरी तिच्या गडद भागातला तपशील टिपला जात नाही. त्यासाठी प्रकाश आरपार सोडणारं वेगळं यंत्र लागतं. छोट्या दवाखान्याने त्या फंदात न पडता फक्त लेखी रिपोर्ट स्कॅन करावा, फिल्म जपावी आणि नव्या तपासण्यांची मूळ डिजिटल फाइल एक्स-रे सेंटरकडून मागून घ्यावी.

स्कॅन झालं म्हणजे सापडेल असं नाही. छापील मराठी-इंग्रजी मजकूर संगणक आता बऱ्यापैकी वाचतो, डॉक्टरांचं अक्षर वाचत नाही. त्यामुळे फायलीला नाव देणं माणसालाच करावं लागतं आणि या पट्ट्यात ते अवघड आहे. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांच्या नावांची स्पेलिंगं प्रत्येक कागदावर निराळी. कंत्राटी कामगाराचा टोकन नंबर तर ठेकेदार बदलला की बदलतो. तोच माणूस, तेच मशीन, फाइल मात्र नवी. टोकन नंबरवर विसंबलेली व्यवस्था इथे दोन वर्षांत कोलमडते. स्वतःचा एक न बदलणारा अनुक्रमांक, जन्मतारीख आणि कामगाराने दिला तर आभा हा सरकारी आरोग्य-ओळखीचा १४ अंकी क्रमांक, एवढं पुरतं. आभाची योजना देशभर २७ सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली आहे. प्रत्येक फायलीच्या पुढे बारकोड छापलेलं एक पान लावलं, की सॉफ्टवेअर गठ्ठ्यातली फाइल आपोआप वेगळी करून तिला नाव देतं. साध्या प्रिंटरवर होणारं हे काम महागड्या स्कॅनरपेक्षा जास्त वेळ वाचवतं.

संगणकाबाबत एक सवय मोडायला हवी. हिशेबाच्या टेबलावरून उतरलेला जुना डेस्कटॉप रेकॉर्ड रूमला द्यायचा, ही ती सवय. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि जुन्या पिढीच्या पुष्कळ प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. रुग्णांची सगळी माहिती नेमकी त्याच यंत्रावर ठेवणं म्हणजे दाराला कडी न लावणं. १६ जीबी रॅम, एसएसडी आणि शक्य झाल्यास दोन स्क्रीन, एकावर पान आणि दुसऱ्यावर यादी; एवढ्यावर काम निभतं. औद्योगिक वसाहतींत गुरुवारच्या सुट्टीला महावितरण दुरुस्तीची कामं काढतं हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, दवाखाना मात्र गुरुवारीही उघडा असतो. तेव्हा संगणक आणि साठवणुकीच्या डिस्कला यूपीएस हवाच.

साठवणुकीचं बोलायचं तर दोन डिस्कची नॅस पेटी, म्हणजे नेटवर्कला जोडलेली साठवण, घेऊन निर्धास्त होणारे बरेच. एक डिस्क बिघडली तर दुसरी धावून येते हे खरं, पण रॅन्समवेअर आलं तर दोन्ही एकदमच कुलूपबंद होतात. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर असेच बंद पडले आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या रुग्णालयांपैकी एकाला सुमारे दोन आठवडे कागद-पेनवर काम करावं लागलं. म्हणून तिसरी प्रत अशा डिस्कवर असावी जी आठवड्यातून एकदाच जोडली जाते आणि मग दुसऱ्या इमारतीत जाते. फोनवरच्या फुकट ॲपने केसपेपर टिपणाऱ्यांनी हेही आठवावं की कॅमस्कॅनर हे त्या कामाचं लाडकं ॲप केंद्राने जून २०२० मध्ये ५९ चिनी ॲप्सच्या यादीत घालून बंद केलं. कागद कोणाच्या सर्व्हरवर राहतात हा प्रश्न तेव्हा अनेकांना पहिल्यांदा सुचला. २०२३ च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत हलगर्जी केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले.

कोर्टाचा विषय निघाला की डॉक्टर हमखास विचारतात: स्कॅन चालेल का? १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फायलीची हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा आकडा, लिहावा लागतो. फायलीत एक अक्षर बदललं तरी हा आकडा बदलतो. स्कॅनच्याच दिवशी तो काढून वेगळ्या यादीत ठेवला तर पुढे कोणी फाइल बदलल्याचा आरोप केला तरी उत्तर तयार असतं. तरीही पोलिस केस झालेल्या, अपघाताच्या आणि वादातल्या फायलींचे मूळ कागद फेकू नयेत.

दुकानात डेमोला जाताना विक्रेत्याचे कोरे, कडक कागद वापरू नयेत. माळ्यावरचा सगळ्यात वाईट गठ्ठा उचलावा, रुग्णांची ओळख पटेल असे कागद वगळून: वाळवीने खाल्लेला कोपरा, चिकटवलेली ईसीजीची पट्टी, जाड डिस्चार्ज कार्ड, पातळ पिवळी कार्बन कॉपी, चहा सांडलेलं पान. अशी शंभर पानं यंत्रातून घालावी आणि ते किती वेळा अडलं ते मोजावं. मग स्क्रीनवर शंभर पानं आली की नव्याण्णव, हेही मोजून घ्यावं.