एका नावाखाली दडलेली पाकटे

अंगावर निळे ठिपके आणि डोळ्यांवरून आडवा गेलेला काळसर पट्टा, एवढ्या खुणांवर एक पाकट दीडशेहून अधिक वर्षे एकाच जातिनामाने ओळखले जात होते: कुल्ही, आजचे निओट्रायगॉन कुल्ही. म्युलर आणि हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञांनी १८४१ मध्ये त्याचे वर्णन केले. नाव दिले ते हाइनरिख कूल या निसर्गअभ्यासकाचे. तो १८२१ मध्ये जावा बेटावर अवघ्या तेविसाव्या वर्षी वारला होता. पुढे हिंदी महासागरापासून जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत जिथे जिथे असे पाकट जाळ्यात आले, तिथे तिथे हेच नाव चिकटले.

चूक होणे स्वाभाविकच होते. इतर माशांची ओळख पटवताना खवल्यांच्या ओळी आणि परांतले काटे मोजता येतात. पाकटात असे मोजण्याजोगे फारसे काही नसते. रंग वयानुसार बदलतो आणि जपणुकीच्या द्रावणात उडून जातो. बाजारात तर शेपटी छाटलेली असते, पुष्कळदा तुकडेही झालेले असतात.

डीएनए तपासणीला मात्र स्नायूचा वा पराचा अल्कोहोलमध्ये ठेवलेला लहानसा तुकडा पुरतो. पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, ‘सीओ-१’ नावाचे जनुक असते. त्याच्या सुमारे ६५० बेसचा क्रम वाचून तो आधीच्या नोंदींशी ताडतात. ही पद्धत कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडली. बॉब वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मुख्यतः ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातील २०७ जातींच्या माशांवर ती वापरून पाहिली. एकाच जातीच्या माशांमध्ये सरासरी फरक ०.३९ टक्के निघाला, तर एकाच प्रजातीतील वेगवेगळ्या जातींमध्ये ९.९३ टक्के. या दोन आकड्यांमधल्या अंतरावरच सारी ओळख उभी आहे.

निळ्या ठिपक्यांच्या पाकटांत ठिकठिकाणचे गट असेच वेगळे निघाले. याला जीवनक्रमाचाही हातभार आहे. पाकट अंडी पाण्यात सोडत नाही, थेट पिल्ले देते. प्रवाहाबरोबर दूर वाहून जाणारी अळीची अवस्थाच त्याला नाही. २०१६ मध्ये पीटर लास्ट आणि सहकाऱ्यांनी मूळ नाव सॉलोमन बेटांच्या परिसरातील पाकटापुरते ठेवले आणि तीन नव्या जाती वर्णिल्या. २०१८ मध्ये आणखी चार जातींची भर पडली; त्यांतल्या एकीला वॉर्ड यांचे नाव मिळाले. त्याच वर्षी निओट्रायगॉन इंडिका ही हिंदी महासागरातील जात जाहीर झाली. तिचे वर्णन करणाऱ्यांत मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतील संशोधक होते.

तरीही केवळ या एका जनुकावर जात ठरवणे घाईचे ठरते. तंतुकणिका फक्त आईकडून येतात, त्यामुळे संकराचा माग त्यांत लागत नाही. त्यासाठी केंद्रकातील जनुकेही पाहावी लागतात आणि शरीराची मोजमापेही. शिवाय संदर्भकोशातल्या नोंदीलाच चुकीचे नाव असेल, तर निदानही चुकीचेच येते.

नावाचा प्रश्न संग्रहालयापुरता नाही. भारतात २००१ पासून गंगेतील पाकट आणि काटेरी पाकट यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि कायदा जातीच्या नावावर चालतो. मासेमारीचे हिशेबही त्यावरच चालतात. भारतीय किनाऱ्यावरून ‘कुल्ही’ या नावाने छापलेले वाढीचे आणि प्रजननाचे जुने आकडे नेमके कोणत्या जातीचे, हे नमुना वा ऊतीचा तुकडा जपलेला नसेल तर आता ठरवता येत नाही.