कुत्र्याचे खेळणे : लहान नको, फार टणकही नको

घरात कुत्र्याचे पिल्लू आले की पट्टा, साखळी, भांडे यांची हौसेने खरेदी होते. खेळण्याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. मुलांचा जुना चेंडू, एखादा पायमोजा किंवा तुटकी चप्पल त्याच्यापुढे टाकली की झाले! पुढे शस्त्रक्रिया करून कुत्र्याच्या पोटातून ज्या वस्तू काढाव्या लागतात, त्यात अशाच घरगुती वस्तू असतात.

पिल्लू खोडी म्हणून चावत नाही. साधारण चौथ्या महिन्यापासून त्याचे २८ दुधाचे दात पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, त्यामुळे त्याला काहीतरी चावायला लागतेच. मात्र जुनी चप्पल देऊ नये. जुनी कोणती आणि परवा घेतलेली कोणती, हे त्याला कसे कळावे?

गेल्या उन्हाळ्यात एक लॅब्राडोर दवाखान्यात आणला होता. दोन दिवस उलट्या, अन्नावर वासना नाही. उन्हाचा त्रास समजून मालकांनी ताक-भात दिला होता. एक्स-रेत नीट काही दिसेना. सोनोग्राफीत आतडे अडल्याचे कळले. आत आंब्याची कोय होती! "आंबा खाल्ला की कोय त्यालाच देतो, तासभर खेळतो," असे मालक म्हणाले. कुत्रा वाचला, पण आतड्याचा सडलेला भाग कापावा लागला. दाणे खाऊन उरलेले मक्याचे कणीसही असेच अडकते.

सुतळी, नाडी, लोकर यांचा धोका वेगळा. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकते आणि दुसरे पुढे सरकते. मग परकराची नाडी ओढल्यावर कापडाला पडतात तशा आतड्याला चुण्या पडतात, आणि दोरा आतडे कापत जातो. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नये.

चेंडू घेताना तो दाढांच्या मागे जाणार नाही एवढा मोठा घ्यावा. पिल्लूपणी घेतलेला चेंडू वर्षभरात अल्सेशियनच्या घशात बसू शकतो, आणि गुळगुळीत भरीव चेंडूने श्वास पुरता कोंडतो. आरपार दोन भोके असलेला चेंडू त्या मानाने बरा. चीं-चीं वाजणारी खेळणी देऊच नयेत असे नाही. पण आतली शिट्टी कुत्रा कुरतडून काढतो, म्हणून समोर बसूनच खेळवावे. बॅटरीची खेळणी नकोतच. बॅटरी फुटली तर तोंड व अन्ननलिका भाजते.

खेळणे फार टणकही नसावे. नखाने दाबून पाहावे, थोडेसे दबले तर ठीक. शिंग किंवा जाड हाड चावताना वरची मोठी दाढ चिरते. शिजवलेल्या हाडाच्या तर अणकुचीदार कपच्या निघतात. त्यापेक्षा जाड, पोकळ रबरी खेळणे घेऊन त्यात भाकरीचा कुस्करा भरून द्यावा. कुत्रा बराच वेळ रमतो.

वारंवार उलट्या, पोट दुखते म्हणून पाठ वाकवणे, शी न होणे अशी लक्षणे दिसली तर मिठाचे पाणी पाजण्यासारखे घरगुती उपाय न करता त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जावे. जाताना फाटलेल्या खेळण्याचा उरलेला तुकडा बरोबर न्यावा. कुत्र्याने काय आणि किती गिळले, याचा त्यावरून अंदाज येतो.