वेअरकाठची काच

न्यूकॅसलहून मेट्रोत बसलं की अर्ध्या तासात सेंट पीटर्स स्टेशन येतं. तिथून वेअर नदीच्या काठाने चालत निघालो. आपल्या सवयीने विद्यापीठाची कमान शोधत होतो. ती काही दिसली नाही, पण पाठीवर पिशव्या घेतलेली मुलं दिसू लागली तेव्हा कळलं, संडरलँड विद्यापीठात आपण कधीच शिरलो आहोत.

इतिहास थोडक्यात असा: १९०१ सालचं टेक्निकल कॉलेज १९६९ मध्ये पॉलिटेक्निक झालं आणि १९९२ मध्ये विद्यापीठ. २०१९ पासून इथे डॉक्टरही घडू लागले. एकेकाळी या काठावर जहाजं बांधली जात. १९८८ च्या अखेरीस उरलेली गोदीही बंद करायचं ठरलं. नव्वदीत काठावर वर्ग भरू लागले.

माझा पाय अडला तो नॅशनल ग्लास सेंटरपाशी. जुन्या गोदीच्याच जागेवर १९९८ मध्ये उघडलेली ही इमारत २०१० मध्ये विद्यापीठाकडे आली. आत भट्टीसमोर एक कारागीर उभा होता. हजार अंशांच्या वर तापलेल्या भट्टीतून त्याने लोखंडी नळीच्या टोकावर मधासारखा काचेचा गोळा उचलला. तोंडाने हलकी फुंकर, हाताने नळीला सतत फिरकी. फिरकी थांबली की गोळा लोंबलाच. मग त्याने हातात वर्तमानपत्राची ओली घडी घेतली आणि त्या धगधगत्या काचेला कुंभाराच्या मायेने आकार दिला. चर्र आवाज झाला, वाफ उठली. वर्तमानपत्राचा इतका सुंदर उपयोग मी पत्रकारितेत पाहिला नव्हता! तयार झालेलं भांडं लगेच हाती येत नाही. दुसऱ्या भट्टीत रात्रभर सावकाश निवू द्यावं लागतं. घाई केली की तडा.

काच इथली पाहुणी नव्हे. शेजारच्या सेंट पीटर्स चर्चची स्थापना ६७४ सालची. ते बांधताना बेनेडिक्ट बिस्कोप या मठाधिपतीने गॉलहून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून, काच कारागीर आणवले, कारण ही विद्या तेव्हा ब्रिटनमध्ये कुणाला येत नव्हती. त्याच्या मठात लहानपणीच दाखल झालेल्या बीड या इतिहासकार साधूने ते लिहून ठेवलं आहे. पुढे या परिसरात कोळसा मुबलक होता आणि कोळसा पोचवून परतणारी जहाजं तोल सांभाळायला पोटात वाळू भरून आणत. काचेला आणखी काय हवं? ब्रिटनभरच्या स्वयंपाकघरांतली पायरेक्सची भांडीही २००७ पर्यंत याच शहरात होत.

मी गेलो तेव्हा मात्र भट्टीभोवती उदासी होती. दुरुस्तीचा खर्च झेपणारा नाही, तीन वर्षांत इमारत सोडणार, असं विद्यापीठाने जानेवारी २०२३ मध्येच जाहीर केलं होतं. हिशेब बरोबर असेलही. पण गावाची विद्या सांभाळायची नाही, तर गावाच्या नावाचं विद्यापीठ कशाला?

परतताना चर्चपाशी थांबलो. बिस्कोपच्या काळातली पश्चिमेकडची भिंत अजून उभी आहे. पलीकडची काचेची इमारत पंचविशीतच दुरुस्तीला न परवडणारी ठरली.